पर्शियन मांजराचे डोळे पुसूनही ओले, विंचरूनही जटा: दुखणं नेमकं कुठे आहे ते कसं शोधायचं

"सकाळी डोळे पुसले, दुपारपर्यंत पुन्हा चिपडं." "आत्ता कुठे ग्रूमर येऊन गेला, आज काखेत पुन्हा गाठ." जून लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या मांजरवाल्या घरांतून ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मांजर बहुतेक वेळा पर्शियन असतं, विकणाऱ्याने 'डॉल फेस', 'सेमी पंच' किंवा 'पंच फेस' (चेहरा किती चपटा त्यावरून पडलेली नावं) म्हणून दिलेलं. मी घोडबंदर रोडच्या बाजूला राहते, घरात दोन पर्शियन आहेत, आणि सोसायटीतल्या इतरांची मांजरंही बघायला मला बोलावतात. माझं स्पष्ट मत आहे की पुसण्यात कमी पडल्यामुळे हा त्रास परत येत नाही. ओल कुठून येते ते शोधलं जात नाही म्हणून तो परत येतो. डोळ्यांचं पाणी आणि केसांच्या जटा ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा ओलच असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट की एकदा भिजलेली आतली लव आपली आपण वाळत नाही.

आधी त्या डागाचं बघू. डोळ्याखालचा तांबूस-तपकिरी पट्टा म्हणजे रक्त नव्हे आणि घाणही नव्हे. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. ती केसांवर साचली, त्यांना हवा-उजेड लागला की गडद होतात. पांढऱ्या मांजरावर हा पट्टा दुरून दिसतो. काळ्या मांजराचा गाल तितकाच ओला असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रंगावर जाऊ नका, गालावर बोट टेकवून बघा. बोट ओलं होतं का, चिकट होतं का, कोरडं राहतं का, यावरून जे कळतं ते डागावरून कळत नाही.

मग स्वतःला चार गोष्टी विचारा. पाणी एका डोळ्यातून की दोन्हींतून? पिल्लू असल्यापासून की अलीकडे? पाणी स्वच्छ की पिवळं-हिरवट? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांजर डोळा पूर्ण उघडतंय की मिचकावतंय?

दोन्ही डोळे, लहानपणापासून, स्वच्छ पाणी, डोळे टक्क उघडे

हा ठेवणीचा प्रश्न आहे. अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत जातात आणि नाकात उतरतात. चपट्या चेहऱ्याच्या मांजरात ही नळी वाकडीतिकडी झालेली असते, डोळ्याची खोबण उथळ असते, डोळा पुढे आलेला असतो. नाकाकडे जायचं पाणी गालावर ओघळतं. काहींची खालची पापणी आतल्या कोपऱ्याशी आत वळलेली असते, तिथले केस बुबुळाला घासतात आणि पाणी आणखी वाढतं. व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) डोळ्यात हिरवट रंगाचा एक थेंब सोडतात आणि तो नाकपुडीतून खाली येतो का ते बघतात. आला नाही तर नळीतून निचरा नीट होत नाही असं धरायचं. नळीत काही अडकलं असेल तर ती धुऊन फरक पडतो. हाडाच्या ठेवणीमुळेच ती वाकली असेल तर धुऊन फारसं हाती लागत नाही. पापणी आत वळली असेल तर मात्र छोट्या शस्त्रक्रियेने खरा आराम पडू शकतो, त्यामुळे 'पर्शियन आहे, चालायचंच' म्हणून तपासणी टाळू नका.

ठेवणीचाच प्रश्न निघाला तर तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. दात घासण्याइतकं ते रोजचं होऊन जातं.

एकच डोळा, अचानक, मिचकावतंय

इथे थांबू नका. त्याच दिवशी व्हेटकडे. एका डोळ्याने मिचकावणं म्हणजे डोळा दुखतोय, आणि मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. पर्शियनचा डोळा पुढे आलेला असल्यामुळे त्याला ओरखडा सहज जातो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर जखम होते. साध्या नजरेला ती दिसतही नाही. तोच हिरवा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं की जखमेची जागा चमकते. या रंगाच्या पट्ट्या स्वस्त असतात. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून "डोळ्यात रंग घालून तपासता का?" एवढं विचारून घ्या.

आणि कृपा करून घरातला ड्रॉप घालू नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या बोक्याचा डोळा लाल झाला, तेव्हा त्यांच्या हातात आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली होती. लेबल वाचलं तर त्यात डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे. बुबुळावर जखम असताना ते घातलं तर जखम भरायची थांबते, चिघळते, डोळा जाऊ शकतो. काकूंनी बाटली बाजूला ठेवली आणि रिक्षा करून बोक्याला दवाखान्यात नेलं, जखम होतीच. वेळेत औषध सुरू झालं, डोळा वाचला. बाटलीवर 'डेक्सा', 'प्रेडनिसोलोन', 'बीटामेथासोन' असलं काही दिसलं तर रंगाची तपासणी झाल्याशिवाय ती मांजराच्या डोळ्याजवळ नेऊच नका.

जखम जुनी झाली, पुन्हा पुन्हा झाली, तर बुबुळावर तपकिरी-काळा ठिपका धरतो. पर्शियन आणि हिमालयन मांजरांत हे विशेष दिसतं. लोकांना वाटतं काहीतरी चिकटलंय, ते कापसाने पुसायला जातात. तो ठिपका म्हणजे मेलेला पडदा आहे, बऱ्याचदा तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. ठाण्यातल्या तुमच्या व्हेटनी पुढे पाठवलं तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालापासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. ठाण्याहून स्लो लोकलने परळ स्टेशनला उतरता येतं. पिंजऱ्यावर पातळ ओढणी टाका आणि गर्दीची वेळ टाळा.

बरं होतं, काही आठवड्यांनी पुन्हा येतं, सोबत शिंका

इथे पहिला संशय हर्पिसचा. मांजरांचा हर्पिस विषाणू माणसाला लागत नाही, पण मांजराच्या अंगातून तो कधी पूर्ण जातही नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि मांजराला ताण आला की डोकं वर काढतो. तारखा लिहून ठेवा, आपल्या घरांचं कॅलेंडर त्यात स्पष्ट दिसेल: गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, दिवाळीत फटाके वाजले, इमारतीचं रंगकाम निघालं, मे महिन्यात सगळे गावी गेले आणि मांजर बोर्डिंगला राहिलं, घरात नवं पिल्लू आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत डोळा लाल झाला असेल तर ही वही व्हेटना दाखवा. नुसतं तोंडी 'मधूनमधून होतं' सांगण्यापेक्षा त्यांना तिचा फार उपयोग होतो.

हर्पिससाठी लायसिन या अमिनो आम्लाच्या पेस्ट अजून भरपूर विकल्या जातात. २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात लायसिनचा उपयोग होतो असं काही आढळलं नाही. माझ्या मते ते पैसे वाचवावेत. फॅमसायक्लोव्हिर नावाची गोळी व्हेट देतात, ती कामाची आहे. तिच्या नावाशी जुळणारी माणसांची असायक्लोव्हिरची गोळी मात्र मांजराला विषारी ठरते, त्यामुळे मेडिकलवाल्याने 'तेच आहे' म्हटलं तरी घेऊ नका. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूनेही डोळे असेच सुजतात, त्याला बहुधा डॉक्सिसायक्लिन काही आठवडे द्यावं लागतं. ती गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी पाजा किंवा ओलं खाणं द्या. मांजरांची तिहेरी लस दिली असली तरी हर्पिस होऊ शकतो. लसीमुळे तो सौम्य होतो, आणि तेही मोठं काम आहे.

घरातली हवा

तपासण्या चांगल्या आल्या, तरी डोळे गळतातच. मग घराकडे बघा. डासांची कॉइल, संध्याकाळचा धूप, अगरबत्ती, पावसाळ्यात गल्लीत होणारी धूरफवारणी, घोडबंदरच्या मेट्रोच्या कामाची धूळ, उलवे-खारघरकडे नव्या इमारतींची धूळ: यातलं एकेक पुरेसं असतं. मांजराचं नाक आणि डोळे जमिनीपासून वीतभरावर, जिथे धूळ बसते तिथेच. मातीचं लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची वाळू) उंचावरून ओतलं की जो ढग उठतो तोही थेट डोळ्यात. बदल करताना एका वेळी एकच करा आणि दोन आठवडे थांबा. सगळं एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही. लादी पुसायला फिनाइल किंवा डेटॉल नको. ती लादीवरून पंजांना लागतात, मांजर पंजे चाटतं, आणि फिनॉलच्या जातीची रसायनं पचवायची ताकद मांजराच्या यकृतात नसते.

पुसायचं कसं

मेडिकलमधून ०.९ टक्के नॉर्मल सलाइनच्या छोट्या प्लास्टिक कुप्या आणा. मोठी बाटली स्वस्त पडते, पण उघडल्यावर दिवसेंदिवस वापरत राहिलं तर तिच्यातच जंतू वाढतात. कुपी मुठीत धरून कोमट करा. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात म्हणून गॉज घ्या, प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. चिपडं वाळून घट्ट झाली असतील तर ओला गॉज त्यावर नुसता टेकवून धरा. घाई न करता धरला की खपली फुगते, मऊ होते आणि आपोआप गॉजला चिकटून येते. नखाने खरवडलंत तर खाली कच्ची कातडी उघडी पडते. आतल्या कोपऱ्यापासून खाली आणि बाहेर, एकाच दिशेने पुसा. नाकाच्या वरच्या घडीतही गॉज फिरवा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. कोरड्या गॉजने गाल आणि घडी टिपून काढा, बोटाला ओल लागणार नाही इतकी. ओली घडी तशीच सोडली तर त्या दमट फटीत यीस्ट आणि जिवाणू माजतात, वास येतो, कातडी लाल होते. काळसर, मेणासारखा थर डोळ्यांभोवती आणि हनुवटीवर पुन्हा पुन्हा धरत असेल आणि खाजही असेल, तर ती पर्शियन मांजरांत दिसणारी चेहऱ्याच्या कातडीची वेगळी व्याधी असू शकते. पुसून ती जाणार नाही, व्हेटना दाखवा.

गुलाबपाणी, चहाचं पाणी, त्रिफळ्याचं पाणी, बोरिक पावडर, डाग उडवायला हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही नको. डाग घालवणाऱ्या, खाण्यात मिसळायच्या पावडरींबद्दलही सावध राहा. अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे प्रतिजैविक निघालं होतं आणि २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती बनवणाऱ्यांना इशारापत्रं पाठवली होती. गाल गोरा दिसावा म्हणून महिनोन्‌महिने प्रतिजैविक खाऊ घालणं मला अजिबात पटत नाही.

जट कुठे धरली आहे ते बघा

जट कापून टाकली की बहुतेकांना प्रश्न संपला असं वाटतं. कापायच्या आधी ती अंगावर कुठे आहे ते बघा, कारण जागेवरून कारण कळतं.

हनुवटीखाली आणि गळ्याशी असेल तर ओल वरून येतेय, डोळ्यांतून किंवा खोलगट वाडग्यातून. चपट्या तोंडाचं मांजर खोल वाडग्यात अख्खा चेहरा बुडवतं. पसरट, उथळ, स्टीलची किंवा चिनी मातीची बशी ठेवा; बऱ्याच घरांत एवढ्यानेच गळ्याच्या गाठी कमी होतात. कानांमागे गाठी असतील तर कान खाजतोय का बघा, आत कॉफीच्या चोथ्यासारखा मळ दिसला तर गोचीडवर्गी किडे असू शकतात. काखेत असतील तर घर्षण, आणि पट्टा घालत असाल तर तोच दोषी. मागच्या मांड्यांच्या केसांत गुंता आणि घाण असेल तर पोट पातळ होतंय, आधी खाणं आणि जंत बघा.

आणि पाठीच्या खालच्या टोकाला, शेपटीच्या वर? इथे जरा थांबा. निरोगी मांजराची जीभ तिथवर सहज पोचते. तिथे जट धरतेय म्हणजे मांजर वळू शकत नाही. वजन वाढलंय, किंवा सांधे दुखतायत, किंवा दात दुखत असल्यामुळे त्याने अंग चाटणंच सोडलंय. दहा-बारा वर्षांच्या मांजरात हा पहिला सुगावा असतो, आणि 'म्हातारं झालंय, आळशी झालंय' म्हणून तो वाया जातो. सांधेदुखीवर व्हेटकडे चांगली औषधं आहेत. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

रोज विंचरूनही गाठी येत असतील तर बहुधा कंगवा वरवर फिरतोय. वरचे लांब केस रेशमासारखे सुटतात, हाताला छान लागतं, आणि खालच्या लवेचा नमदा होत राहतो. माझी बर्फी मांडीवर उताणी राहत नाही, म्हणून तिला कुशीवर घेते आणि वरचा पाय अलगद उचलते. डाव्या तळव्याने पोटाचे केस वर दाबून धरले की खाली कातडीची गुलाबी रेघ दिसते. त्या रेघेपासून बोटभर केस खाली सोडायचे, मुळापासून टोकापर्यंत विंचरायचे, मग पुढचे बोटभर. कंगवा स्टीलचा, अर्धे दात विरळ, अर्धे दाट. आधी विरळ बाजू. बर्फीची शेपटी आपटायला लागली की थांबते, तेवढंच त्या दिवशीचं काम. उरलेली बाजू उद्या. जबरदस्तीने एका बैठकीत पूर्ण केलं तर पुढच्या वेळी कंगवा बघूनच मांजर पलंगाखाली जातं.

गाठ सापडली तर तिच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत या. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं तर केस सुटे होतात. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. कात्री नकोच. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर ती तंबूसारखी वर उचलली जाते आणि गाठ समजून कातडीच कापली जाते. दवाखान्यात टाके घालायला येणाऱ्या मांजरांत अशी मांजरं असतात. अंगालगत घट्ट झालेली जट मशीननेच काढायची. सगळं पोट नमद्यासारखं झालं असेल तर गुंगी देऊन, आणि गुंगी फक्त व्हेटनीच द्यायची.

आंघोळ विंचरण्यानंतर, आधी कधीच नाही. गाठ भिजली की आवळते. जुलैत आंघोळ घातलीत तर मुळापर्यंत वाळवायची तयारी ठेवा: टॉवेल, मग ड्रायर कमी उष्णतेवर आणि हातभर लांबून, कंगव्याने केस उघडत उघडत. वरून कोरडं आणि आतून ओलं राहिलेलं मांजर म्हणजे बुरशीला आमंत्रण. पर्शियनला तशीही बुरशी लवकर लागते. केस गेलेले गोल चट्टे, कोंडा, आणि घरात कुणाच्या हातावर-मानेवर नायटा उठला तर दोघांची तपासणी एकदमच करा. माणसांचं क्रीम मांजराला लावू नका, ते चाटून पोटात जातं. फिरत्या ग्रूमरला स्वतःचे कंगवे वापरायला द्या. घरोघरी फिरलेल्या कंगव्यातून बुरशीचे कण सहज येतात. पावसाळ्यात पिसवा झाल्या तर कुत्र्यांसाठीचं मानेवर सोडायचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि जीवही जातो.

'लायन कट करू का?' हा प्रश्न एप्रिलपासून येतो. जटा हाताबाहेर गेल्या असतील तर करा, नाहीतर सगळं अंग भादरायची गरज नसते. केस परत यायला कित्येक महिने लागतात. मी पोट, काखा आणि मागच्या मांड्या तेवढ्या जूनच्या सुरुवातीला मशीनने आखूड करून घेते, आणि ऑक्टोबरची कोरडी हवा लागली की पुन्हा वाढू देते. डोळ्यांजवळचे केस मात्र घरी एकट्याने कापू नका. दोन माणसं हवीत, बोथट टोकाची कात्री हवी आणि तिचं टोक कायम डोळ्यापासून लांब. ग्रूमर आला की आधी तेवढंच काम सांगा, मांजर ताजंतवानं असतानाच.